भाऊजींनी बांधलेलं सर्वांत लहान घर

आमच्या भाऊजींनी आयुष्यात माणसं अशी पाहिलीच नाहीत. त्यांनी पाहिल्या त्या भिंती, आणि भिंतींच्या आत कुणी राहत असेल तर त्याला नाइलाजानं रामराम केला. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, जळगाव जामोदचे गवंडी. कुणाच्याही घरी गेले की खुर्चीवर बसायच्या आधी ते बोटाच्या पेरानं भिंत वाजवून पाहतात आणि चेहऱ्यावर जो भाव आणतात, त्यावरून घरमालकाची त्या रात्रीची झोप ठरते. माझ्यासाठी मुलगी पाहायला गेलो होतो तेव्हा आम्ही सगळे पोहे खात असताना हे गृहस्थ हात धुवायच्या निमित्तानं आत गेले, न्हाणीत तांब्याभर पाणी ओतलं, ते कुठं जातं हे उकिडवं बसून पाहिलं, आणि बाहेर येऊन सर्वांदेखत मला म्हणाले, "पोरगी चांगली हाय. न्हानीचा ढाळ उलटा हाय. पण तो सासऱ्याचा प्रश्न हाय, तू हो म्हन." एकदा सांत्वनाला गेले असताना पाव तास मान खाली घालून बसले. मग हळूच वर पाहून गेलेल्या माणसाच्या मुलाचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "वरून ओल येऊन राह्यली. तेरावं झालं की गच्ची पाहून घेऊ." त्या मुलाला रडावं की चहा सांगावा ते कळेना. पण भाऊजी खरोखरच चौदाव्या दिवशी गेले, आणि गच्ची नीट करून आले.

अशा माणसाच्या स्वतःच्या घराला बाहेरून गिलावा नव्हता हे सांगायला नकोच. ताईचा स्वयंपाकाचा ओटा दोन बाजूंना विटा रचून त्यावर फरशी टेकवलेला होता, आणि तो चौदा वर्षांपासून तात्पुरता होता. "लोकायचं झालं की आपलं," असं भाऊजी म्हणत. लोकांचं काही केल्या संपत नसे.

मागच्या हिवाळ्यात सातपुड्याच्या पायथ्याशी एका संत्र्याच्या बागेत राखणीची खोली बांधायचं काम निघालं. पायवा खणताना कुदळीच्या एका घावासरशी जमिनीत एक बीळ फुटलं आणि आतून तळहाताएवढा, करड्या केसांचा, जाड पायांचा कोळी बाहेर आला. मजुरांनी फावडी उचलली. भाऊजी मध्ये आडवे झाले. "थांबा बे! त्याचं घर आपन पाडलं, वरून त्यालेच मारता?" एवढं बोलून त्यांनी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात कोळ्याला सरकवलं, झाकणाला खिळ्यानं भोकं पाडली आणि डबा मोटारसायकलच्या हँडलला अडकवून घरी आणला.

ताईनं डब्यात एकदाच डोकावलं. मग ती शेजारच्या घरी जाऊन बसली आणि तिथून मला फोन केला. मी खामगावला नोकरीला आहे, रविवारी गेलो. "एक तर तो, नाईतर मी," ताई शेजारच्या ओसरीवरून म्हणाली. भाऊजी शांतपणे म्हणाले, "तुले घर हाय वं. त्याले नाई." यावर ताईनं मला विचारलं, की ज्यात मी भाकरी थापते त्याला घर म्हणतात का? बऱ्याच वाटाघाटींनंतर असं ठरलं, की आधी ओटा होईल, मग कोळी राहील. चौदा वर्षांचा ओटा भाऊजींनी दोन दिवसांत पुरा केला. काळा कडप्पा, खाली कप्पे, सगळं. ताई घरात परतली, पण कोळी ठेवलेल्या बाहेरच्या खोलीत आपण पाऊल टाकणार नाही या अटीवर.

मग भाऊजी कोळ्याच्या घराकडे वळले. ओळखीच्या एका दुकानदाराकडून त्यांनी माशांची काचेची जुनी पेटी आणली आणि तिच्यात विटांच्या तुकड्यांची एक खोली बांधली. खरीखुरी. दाराला चौकट, वर छज्जा, स्लॅबला ढाळ, मागं हवेला झरोका, दार पूर्वेला. आठ दिवस सकाळ-संध्याकाळ चमच्यानं पाणी मारलं. मग कोळ्याला पेटीत सोडलं, तर तो त्या खोलीकडे फिरकला नाही. तो पेटीच्या कोपऱ्यात काचेला पाय लावून उभा राहिला, तो चार दिवस तसाच. लोकांनी पैसे बुडवले तेव्हाही भाऊजींचा चेहरा इतका पडलेला मी पाहिला नव्हता. "काऊन पसंत नाई करून राह्यला?" ते मला पुन्हा पुन्हा विचारत. "छज्जा खाली झाला काय?"

माझ्या ओळखीच्या एक बाई कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. त्यांना फोटो पाठवले. फोटो पाहून त्या बराच वेळ हसल्या असाव्यात, कारण फोन उशिरा आला. ती मादी आहे, त्या म्हणाल्या. तिला खोली नको, माती हवी. वीतभर खोल, हातानं दाबलेली, एका बाजूला ओलसर आणि एका बाजूला कोरडी. सिमेंट अजिबात नको. अर्ध्या कौलासारखा आडोसा, उथळ भांड्यात पाणी, घट्ट झाकण आणि त्याला भोकं. वर मोकळी जागा फार नको, उंचावरून पडली तर पोट फुटतं. उन्हात ठेवू नका, हातात घेऊ नका, चावली तर हात सुजेल. भाऊजी फोनला कान लावून सगळं ऐकत होते. "वीतभर म्हणजे माझी वीत का तुमची?" एवढंच त्यांनी विचारलं.

त्याच दिवशी त्यांनी ती खोली पाडली. स्वतः बांधलेलं त्यांनी स्वतः पाडल्याचा हा पहिलाच प्रसंग. मग बागेत जाऊन त्याच बिळाजवळची माती पोतंभर आणली, चाळली, खडे वेचले, थर देऊन दाबली. ओळंबा आणि पट्टी बाजूला ठेवून हे काम त्यांनी बोटांनी केलं. जुन्या गोठ्यावरचं एक नळीचं कौल अर्धं मातीत तिरपं रोवलं. पाण्याला पणती ठेवली. न्हाव्याकडची फवारणीची बाटली आणून एक कोपरा ओला ठेवायची सवय लावली. रोज बांधावरून नाकतोडे धरून आणू लागले. पन्नाशीचा माणूस टोपी हातात घेऊन गवतात उड्या मारतो, हे पाहायला पाणंदीतून जाणारे लोक थांबत.

दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी, बाहेरच्या खोलीत पाऊल न टाकणाऱ्या ताईची हाक बाहेरच्या खोलीतूनच आली. "आवो, लवकर या! आत गेली ना ते. अन् दाराले पडदाबी लावला!" कौलाच्या तोंडाशी खरंच पांढरं तलम जाळं पसरलं होतं. भाऊजी गुडघ्यावर बसून पाहत राहिले. "राह्यली," ते म्हणाले.

उन्हाळ्यात तिनं खाणं सोडलं. पंधरा दिवस नाकतोडे तसेच बाहेर काढावे लागले, आणि एका सकाळी ती उताणी पडलेली दिसली, पाय आकसून. त्या दिवशी भाऊजींना एका घराचा स्लॅब टाकायचा होता. उभ्या आयुष्यात त्यांनी स्लॅब चुकवला नव्हता. त्या दिवशी मुकादमाला पाठवलं आणि स्वतः पेटीशी बसले. नेमका मी आदल्या दिवशीच त्यांच्याकडे मुक्कामाला आलो होतो. "मेली रे," ते म्हणाले. "माह्या मातीतच काही खोट असन." पेटीचं झाकण काढायला त्यांनी हात घातला, तेवढ्यात मी कॉलेजातल्या बाईंना लावलेला फोन लागला. "हात लावू नका!" त्या ओरडल्याच. "कात टाकत असेल."

आम्ही तिघं बसून राहिलो. ताईनं चहा केला, तो तसाच निवला. बऱ्याच वेळानं कुठंतरी शिवण उसवावी तशी कातडी फाटली आणि एकेक पाय, हातमोज्यातून बोट काढावं तसा, सावकाश बाहेर येऊ लागला. शेवटी ती नव्या अंगानं, ओलसर, मऊ, अगदी दमलेली अशी बाजूला पडली. भाऊजींनी डोळे पुसले आणि उन्हाळा फार आहे म्हणाले.

अंग घट्ट झाल्यावर तिनं कौल सोडलं. कौलाच्या मागं तिनं स्वतःच मातीत खोल बीळ खणलं आणि आत गेली. भाऊजी आठवडाभर ते बीळ पाहत होते. मग श्रावणात एका सकाळी म्हणाले, "तिले बांधता येते. मंग इथं कायले ठेवायची?" ताईनंच श्रीखंडाचा डबा धुऊन पुसून आणून दिला.

बागेच्या वरच्या अंगाला, पाणी साचत नाही असा बांध भाऊजींनी निवडला होता. डबा आडवा केला. ती बाहेर आली, त्यांच्या बुटाशी थोडा वेळ थांबली आणि गवतात गेली. "जाय," ते म्हणाले, "सांभाळून."

गेल्या महिन्यात आम्ही दोघं त्या बाजूनं येत होतो. भाऊजींनी गाडी थांबवली आणि बांधावर चढले. मीही मागं गेलो. दगडाच्या कुशीत एक गोल बीळ होतं, तोंडाशी जाळ्याची झालर. आत काळोख. आम्ही दोघं वाकून पाहत होतो, पण आतलं काही दिसत नव्हतं.

"तिचंच असन काय, भाऊजी?" मी विचारलं.

त्यांनी झालरीला लागलेली काटकी बोटानं अलगद बाजूला केली.

"कोनाचं का असंना," ते म्हणाले, "कोनीतरी राहून राह्यलं."