मीठ-पाण्याचं वजन

पाठीवर हात ठेवून वजन सांगणारी एकच बाई देवाने या पृथ्वीवर धाडली, आणि ती नेमकी माझी आत्या करून न्हावऱ्यात धाडली. आत्याचा धंदा शेळ्या-बोकडांचा. बोकडाच्या कण्यावर पंजा दाबायचा, डोळे मिटायचे आणि आकडा सांगायचा. काटा तिच्या शब्दाबाहेर फारसा जात नसे. ही सवय तिला माणसांतही लागली. पाया पडायला कुणी वाकलं की आशीर्वादाआधी पाठीवर पंजा. नव्या पाळकसाहेबांनाही तिने पहिल्याच रविवारी चर्चच्या दारात चाचपलं आणि "साहेब, उपास कमी करा" असं सर्वांदेखत सुनावलं. मी तर जन्माचा काडीपैलवान. कुरकुंभला कंपनीत चिकटलो तेव्हा पेढे घेऊन गेलो, तर पेढा तोंडात टाकत म्हणाली, "तुला बाजारात न्यावं तर टेम्पोचं भाडंबी सुटायचं न्हाई."

ती स्वतः मात्र भरभक्कम. चर्चच्या बाकावर आत्या बसली की दुसऱ्या टोकाची माणसं अलगद वर उचलली जातात, असं तिचे यजमान, म्हणजे आमचे मामा, कौतुकाने सांगत. अंगावरची चरबी तिच्या लेखी सुखाची खूण, आणि बारीक माणूस म्हणजे आजारी माणूस. तिच्या घरून कुणी उपाशी गेल्याचं न्हावऱ्यात तरी कुणाला आठवत नाही. लहानपणी मी तिच्या मांडीवर झोपायचो. तशी गादी मला पुढे कुठल्याही दुकानात मिळाली नाही.

म्हणूनच साठीच्या अलीकडे डाव्या छातीत गाठ आली तेव्हा तिने ती चरबीत जमा करून टाकली. शेळीच्या कासेतली गाठ जिच्या बोटाला चटकन लागायची, तिची स्वतःची गाठ अंगाच्या भरात लपून वाढत राहिली. कातडी आत ओढल्यासारखी दिसायला लागली तेव्हा माझ्या बायकोने तिला दौंडला दाखवलं, आणि तिथून पुण्याला. कॅन्सर निघाला.

पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावून सांगितलं. पाळी गेल्यावर बाईच्या अंगातली चरबीच एक हार्मोन बनवत राहते आणि आत्याला झालेल्या प्रकारची गाठ त्यावर पोसली जाते. त्या बऱ्याच बोलल्या, पण आत्याने घरी नेलं ते एवढंच, की माझी चरबी गाठीला चारते. त्यात राहू गावाहून तिची जाऊ भेटायला आली आणि चहाचा कप खाली ठेवायच्या आत म्हणाली, "खाऊन खाऊन वढवून घेतलंस गं." मला तिचा असा राग आला म्हणता! त्या दिवसापासून आत्याने भाकरी सोडली. मी समजूत घालायला गेलो तर मलाच शिकवायला लागली, की चारा तोडला की जनावर वाळतं, तशी गाठबी वाळंल.

वाळली ती आत्या. केमोची सलाईन सुरू झाली होती आणि दर खेपेला काटा खाली येत होता. एकदा तिथली सिस्टर म्हणाली, औषध उंची-वजनावर ठरतं, आणि वजन-रक्त असंच उतरत गेलं तर पुढची सलाईन थांबवावी लागेल. हे ऐकून आत्याचा चेहरा पडला. मरणापेक्षा तिला औषध थांबण्याचीच धास्ती जास्त.

आता बाजारातली एक लबाडी सांगायला हवी. वजनावर बोकड विकायचा असला की काही लोक त्याला आधी मीठ चारतात. मग तो बादलीभर पाणी पितो आणि काट्यावर भारी भरतो. अशा लोकांना आत्या उभ्या बाजारात शिव्या घालायची. पुढच्या खेपेला मी तिला गाडीने पुण्याला नेत होतो आणि ती मागे बसून बाटलीमागून बाटली पाणी पीत होती. मला वाटलं, तोंड कोरडं पडत असेल. काट्यावर आकडा झकास आला. सिस्टर खूश. आणि उतरता उतरता आत्याला भडभडून उलटी झाली. पदराच्या गाठीत मूठभर मीठ निघालं.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा वजन केलं आणि त्या दिवशीची सलाईन रद्द केली. मग म्हणाल्या, "मावशी, जाड आहात म्हणून मी औषधात काटछाट करत नाही, पुरतं वजनावर मोजून देते. पण मला खरं वजन हवं."

आत्याला रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. पदर सावरत तिने विचारलं, "बाई, खरं सांगा. माझ्या खाण्यानंच झालं का हो हे?"

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जवळ ओढली. "वजनाचा हात असतो मावशी, पण त्याच्या एकट्याचा नसतो. काटकुळ्या बायकाही येतात माझ्याकडे. तुम्ही गुन्हा केलेला नाही, तर शिक्षा कशाला भोगताय? आत्ता पोटभर जेवा. वजन उतरवायचं ते उपचार संपल्यावर, सावकाश, चालून."

परत येताना वाटेत आत्याने गाडी थांबवायला लावली आणि थाळी मागवली. रडत रडत जेवली, पण जेवली. पुढच्या आठवड्यात सलाईन लागली.

आता केमो झाली, ऑपरेशन झालं. रोज एक गोळी आहे, ऑपरेशनपासून सुजणाऱ्या हातावर घट्ट बाही आहे. शेळ्यांमागे ती रोज स्वतः कालव्यापर्यंत चालते. वजन हळूहळू उतरतंय, डॉक्टरीणबाई खूश आहेत. मलाही सगळं कळतं. तरी दर भेटीला ती थोडी कमी दिसते. हे चालण्याने उतरलंय, की दुखणं परत आलंय?

परवा गेलो, पाया पडलो. पाठीवर पंजा आला, पण आकडा आला नाही. माझ्याकडे पाठ करून ती ओट्यावर बसली आणि म्हणाली, "आज तू सांग. ठेव हात."

मी हात ठेवला. आत्याच्या पाठीला कणा आहे, हे मला जन्मात पहिल्यांदा कळलं. मी तिचा जुना आकडा सांगितला, मला मांडीवर झोपवायची तेव्हाचा.

ती खुदकन हसली.

"लबाडा," ती म्हणाली, "मीठ चारलंस व्हय रं मला?"

मी हात काढला नाही.