खुणेवर ठेवलेलं इमान

"रोग सांगू नका सर, तरास सांगा."

पडेगावला खरात मामांच्या गॅरेजात गाडी नेली की पहिलं वाक्य हे. 'टायमिंग बिघडलंय वाटतं' असं म्हणायची सोय नव्हती. मी मास्तर, दिवसभर दुसऱ्यांना गप्प बसवणारा. पण मामांपुढे मुकाट्याने सांगायचो, की दौलताबादचा चढ लागला की गाडी दमते, तापते आणि इंजिनातून खडखड येते. मामांना जाऊन वर्ष झालं. अजूनही डॉक्टरकडे गेलो की मी फक्त त्रास सांगतो.

गाडी माझी जुनी, पेट्रोलची. शहरातल्या दोन मेकॅनिकांनी इंजिन संपल्याचं सांगून टाकलं होतं आणि रविवारी भंगारवाला येणार होता. माझा जीव तुटत होता. मामा म्हणाले, "रविवारपर्यंत गाडी माझी."

मामांना अंदाजाचा भारी तिटकारा. "अंदाजानं शिरा करावा, टायमिंग नाय." टायमिंग, म्हणजे ठिणगी कधी पडते, हे इंजिनाच्या पुढच्या पुलीवरची खाच दाखवते, आणि त्या खाचेवर त्यांचा देवासारखा विश्वास. चालू इंजिनावर टायमिंगचा लुकलुकता दिवा धरला की खाच अगदी जागेवर दिसायची, तरी चढावर खडखड होतीच. प्लग बदलले, वायरी बदलल्या, प्लगांना ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्यूटर उघडून साफ केला. दोन दिवस गेले. मी म्हटलं, "मामा, जाऊ द्या आता."

"तुमी जा घरी. मी नाय सोडत," ते खेकसले.

शनिवारी सकाळी त्यांनी पहिल्या सिलिंडरचा प्लग काढला, भोकातून सायकलची तार आत सोडली आणि पान्याने इंजिन हळूहळू फिरवायला लागले. आतला पिस्टन वर येईल तशी तार वर येत होती. ती पार वर येऊन थांबली तेव्हा खाच इंजिनावरच्या खुणेसमोर हवी होती. ती बोटभर पुढे निघून गेली होती. म्हणजे दिव्यात सगळं बरोबर दिसत होतं आणि ठिणगी मात्र वेळेआधीच पडत होती.

ती पुली मामांनीच दोन वर्षांपूर्वी जुन्या बाजारातून आणून बसवलेली, दुसऱ्याच मॉडेलची. मापाला बसली म्हणून खाच कुणी तपासली नाही.

मामा स्टुलावर बसले. "खुणेवर इमान ठेवलं सर. लई चुकलं."

त्यांनी पांढऱ्या रंगाने नवी खूण केली, डिस्ट्रिब्यूटर जरासा फिरवला आणि आम्ही दौलताबादचा चढ चढलो. गाडी आवाज न करता वर गेली. मी पोरासारखा हरखलो होतो, पण मामांचं लक्ष दुसरीकडेच होतं. मग म्हणाले, "तशीच एक पुली लासूरला गेलीय, एका अडत्याच्या गाडीत. त्यांचीबी खडखड व्हायची. मीच म्हणलो व्हतो, इंजिन गेलं."

"फोन करा की."

"अशी चूक फोनवर सांगायची नसती."

भंगारवाल्याला मी नको म्हणून कळवलं आणि रविवारी त्याच गाडीने मामांना लासूर स्टेशनला नेलं. अडते दुकानातच होते. मामांनी पुलीची सगळी हकीकत सांगितली.

"गाडी दिली मिस्त्री, भंगारात," अडते म्हणाले. "वडलांची व्हती. शेवटी शेवटी लई शिव्या घातल्या मी तिला."

"त्या मला घाला," मामा म्हणाले, आणि त्यांच्यासमोर मान वर ठेवून उभे राहिले.