थांब, आईला देतो

नागपूरच्या विमानतळावर बाबांनी माझी बॅग ट्रॉलीवर चढवली, पट्टा दोनदा ओढून बघितला आणि म्हणाले, "पासपोर्ट वरच्या खिशात ठेव." झालं, निरोप संपला! आई मात्र मी दिसेनासा होईपर्यंत काचेपलीकडून हात हलवत राहिली.

त्याला बारा वर्षं झाली. अमेरिकेतल्या प्लेनोहून दर शनिवारी फोन करायचो. उचलायचे बाबाच. "बरा आहेस ना? थांब, आईला देतो." मग आई माझ्या सर्दीपासून शेजारच्यांच्या मांजरीपर्यंत सगळं बोलायची. तुम्ही तिकडे राहिलेले असा नाहीतर माझ्यासारखे इकडे आलेले, तुमच्याही घरी हेच असणार. बाप फोन उचलतो आणि पुढे देतो.

मागच्या वर्षी आई गेली. माझं व्हिसाचं स्टॅम्पिंग अडकलेलं. गेलो असतो तर परत येता आलं असतं की नाही, देव जाणे. "तू येऊन काय करणार? नोकरी सांभाळ," बाबा म्हणाले आणि मी मुकाट्याने ऐकलं. आईचं शेवटचं दर्शन व्हिडिओ कॉलवर घेतलं. ढसाढसा रडलो, पण म्यूटवर, कॅमेरा बंद ठेवून. ऑफिसची सवय हो, कॉल जोडला की आधी सगळं बंद करायचं. बाबांना वाटलं असेल, पोरगा खंबीर निघाला.

मग फोन अर्ध्या मिनिटावर आले. "जेवलास?" "हो. तुम्ही?" "हो. ठेवतो." फोन पुढे द्यायला कुणी उरलंच नव्हतं. घरात मी बारीकसारीक गोष्टींवरून खेकसायला लागलो. एकदा लेकीने बायकोला हळूच विचारलं, "इज बाबा मॅड ॲट मी?"

माझ्या टीममधला मार्कस, पन्नाशीचा काळा गृहस्थ, हे सगळं ओळखून होता. तो मला त्यांच्या सर्कलला घेऊन गेला. शनिवारी सकाळी लायब्ररीच्या एका खोलीत आठ-दहा पुरुष गोल बसतात. काळे, मेक्सिकन, एक फिलिपिनो नर्स. म्हणे 'मेन ऑफ कलर', म्हणजे गोरे सोडून सगळे. लग्नाच्या बायोडेटात मी गव्हाळ होतो, इथे कुठल्या कलरमध्ये बसतो कोण जाणे!

मार्कसच्या आजीचा एक मोठा लाकडी चमचा आहे. तो ज्याच्या हातात, त्यानेच बोलायचं. बाकीच्यांनी ऐकायचं, सल्ला द्यायचा नाही. सल्ला द्यायचा नाही? आपल्या माणसाला हे केवढं अवघड!

पहिल्या दिवशी चमचा हातात आला आणि मी चक्क रोजच्या स्टँड-अप मीटिंगसारखा रिपोर्ट दिला. काल काय केलं, आज काय करणार, अडचण काही नाही. मार्कस खो खो हसला. "ब्रदर, इथे तुझा मॅनेजर कुणी नाही."

चौथ्या शनिवारी मात्र तोंडातून एकच वाक्य निघालं, "आई गेली तेव्हा मी म्यूटवर होतो." मग बांध फुटला. अनोळखी पुरुषांसमोर, नाक पुसत, मी सगळं सांगितलं. मार्कसने फक्त आपली खुर्ची माझ्याजवळ ओढली.

बाहेर आलो, गाडीत बसलो आणि नागपूरला फोन लावला. तिकडे नुकतीच जेवणं आटोपली होती. "बाबा, त्या दिवशी मी खूप रडलो. तुम्हाला ऐकूच गेलं नाही. मी यायला हवं होतं. मला आईची फार आठवण येते हो."

आता "ठेवतो" येणार, असं वाटलं.

"थांब," बाबा म्हणाले.

त्यापुढचे दोन शब्द मी किती वर्षं ऐकलेत! पण या वेळी फरशीवर खुर्ची ओढल्याचा आवाज आला. म्हणजे इतकी वर्षं हा माणूस माझ्याशी उभ्या उभ्याच बोलत होता.

"हं, बसलो," ते म्हणाले. "मलाही येते रे. बोल तू."

तुझं घर कुठलं, असं कुणी विचारलं की हल्ली मला नागपूर आठवत नाही आणि प्लेनोही नाही. मला ती खुर्ची ऐकू येते.