गोलातल्या सह्या

माझ्या सासऱ्यांनी उभ्या जन्मात फक्त एकाच गोष्टीवर विश्वास ठेवला, तो म्हणजे स्वतःच्या संशयावर. मी त्यांना मामा म्हणत असे. सोलापुरातल्या चादरीच्या कारखान्यात त्यांचा माग माझ्या मागाला लागूनच होता. रोज आठ हातांवर मी दिसत असूनही मुलगी देण्याआधी ते माझ्या गावी, अक्कलकोटला, तीनदा चौकशी करून आले. आणि लग्न झाल्यावर चौथ्यांदा. हॉटेलात चहा आधी समोरच्याला प्यायला लावत. पाळी सुटल्याचा भोंगा झाला, की कोपऱ्यावरच्या पानवाल्याचं घड्याळ बघितल्याशिवाय त्यांचा त्यावर विश्वास बसत नसे. मालकाने दिवाळीला पेढे वाटले, तेव्हा मामांनी आपला पेढा मुकादमाला चारला आणि दुसऱ्या दिवशी तो कामावर आलाय याची खात्री करून घेतली.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची ती वर्षं. बारा तासांची पाळी आठवर आणायची म्हणून आम्ही युनियन काढायला निघालो. नोंदणीच्या अर्जावर सात जणांच्या सह्या हव्या होत्या. आमच्याकडे तोंड उघडणाऱ्याच्या मागावर दुसऱ्या दिवशी नवा माणूस दिसायचा, त्यामुळे सगळेच कचरत होते. मी समजावलं, "युनियन केली म्हणून कुणाला काढता येत नाही, कायदाच आहे तसा."

"ह्यो कायदा मालकाला ठावं हाय का?" मामांनी विचारलं.

"असणारच की."

"मंग तर लईच जपाया पायजे. पयलं नाव ज्येचं, त्येचीच मान जाती बगा."

आणि त्यांनी डब्याचं झाकण कागदावर ठेवून गोल काढला. गोलाभोवती आम्ही सातही जणांनी सह्या ठोकल्या. "आता हुडकू दे त्येला सुरवात कुटं हाय ते!" मामा खुशीत म्हणाले. पंधरवड्याने अर्ज परत आला. कचेरीतल्या कारकुनाने मला विचारलं, "हे काय, चादरीचं डिझाइन पाठवलंय? नावं एकाखाली एक पाहिजेत."

नवा अर्ज पुढे ठेवला, तर कुणीच हात लावेना. लिहिला मीच होता, म्हणून पेन उचललं. मामांनी ते हिसकावलं.

"व्हा बाजूला, जावईबापू. तुमच्यावर माजा इस्वास न्हाई. पयला नंबर घेऊन फुडारी व्हाल आन् डोक्यावर बसाल."

पाच जणांदेखत! एकवर त्यांनी स्वतःची सही केली आणि मला थेट सातवर ढकललं. मी आठ दिवस त्यांच्याशी बोललो नाही. घरी बायकोजवळ कुरकुरलो, तेव्हा ती म्हणाली, "बाबा त्या सह्यांच्या दिवशी सकाळीच येऊन गेले. कितवा महिना लागला, एवढंच विचारलं." मला फार लाज वाटली.

युनियन नोंदली गेली आणि महिन्याभरात 'माल खराब काढतो' म्हणून मामांना घरी बसवलं. तीन वर्षं केस चालली. प्रत्येक तारखेला ते आमच्याच वकिलाला खेटून बसत, त्याच्यावर नजर ठेवायला. शेवटी त्यांना कामावर घ्यायचा हुकूम झाला. तो माझ्याकडून तीनदा वाचून घेऊन म्हणाले, "आपल्या बाजूनं कसा काय लागला? कायतरी गडबड हाय."

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. माझी पाळी आठ तासांची आहे. भोंगा झाला, की मी अजून पानवाल्याच्या घड्याळाकडे बघतो. वेळ बरोबर असते. पण माझ्यावर इतका कमी विश्वास ठेवणारं माणूस आता राहिलं नाही, याचंच वाईट वाटतं.