प्रेताची साक्ष

माझे मामा अझराया पेल लाकडी पिंपं आणि बादल्या बनवायचे. न्यू हॅम्पशरमधल्या आमच्या नदीकाठच्या गावात त्यांचा आवाज कुणी फारसा ऐकला नव्हता. ऐकू यायची ती हातोडी. सतराशे अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यात देशाच्या नव्या राज्यघटनेवर गावसभा भरली. सगळे तावातावाने भांडत होते. मामांनी उठून एवढंच विचारलं, "माणसाला फासावर द्यायचं तर आधी पंच बसणार ना?"

"बसणार. तसं लिहिलंय त्यात," सभेतला एक जण म्हणाला.

"मग माझी हरकत नाही," म्हणाले नि खाली बसले.

जूनमध्ये आमच्या राज्याने होकार दिला. घटना लागू व्हायला नऊ राज्यांचे होकार लागणार होते, आमचा नववा. घंटा वाजल्या, सफरचंदाची सायडर वाहिली.

ऑक्टोबरात गावातला शेतकरी ओबेड स्लीपर गिरणीच्या तळ्यात मेलेला, तरंगताना सापडला. सकाळचं धुकं दुपार झाली तरी विरलं नव्हतं, आणि तळ्यावरचं एकही बदक पाण्यात उतरत नव्हतं. मृत्यूच्या चौकशीसाठी बारा पंचांना बोलावणं आलं. त्यात मामा होते.

मामी म्हणाली, "पोटात दुखतंय म्हणून सांगा."

"उद्या माझ्यावर वेळ आली आणि बाराही जणांच्या पोटात दुखलं तर?"

प्रेत डीकन टक यांच्या कोठारात फळ्यांवर ठेवलं होतं. टक म्हणजे चर्चमधलं बडं प्रस्थ, तेच मुख्य पंच. दारात आम्ही सगळे दाटून उभे. सगळ्यांचे डोळे मात्र टॅम्सिन ग्रो हिच्यावर. ही तळ्यापलीकडे एकटी राहायची. ओबेडच्या डुकरांनी तिचे भोपळे उकरले, तेव्हा चारचौघांत ती त्याच्यावर ओरडली होती, "बुडून मरशील!"

"जुनी रीत आहे," टक म्हणाले. "खुन्याचा हात लागला की प्रेत रक्त सोडतं. लावू द्या एकेकाला हात."

चौकशीचा अधिकारी परगावचा. धुक्याने वैतागलेला. "लावा काय लावायचा तो," म्हणाला.

गिरणीवाल्याने लावला. ओबेडच्या भावाने लावला. मीही लावला, ओल्या चामड्यासारखं थंड होतं. काही झालं नाही. मग टॅम्सिनने कपाळावर दोन बोटं टेकवली, आणि ओबेडच्या नाकातून एक लाल रेघ संथपणे ओठांवर उतरली.

कोठाराच्या टोकाला बांधलेला घोडा भिंतीवर लाथा मारू लागला.

"देव बोलला," टक पुटपुटले.

मामा पुढे झाले आणि त्यांनी अख्खा तळवा प्रेताच्या छातीवर ठेवला. मला वाटलं, आता यांच्याही हाताने रक्त येईल आणि बाई सुटेल. पण उलटंच झालं. रेघ जागच्या जागी थांबली.

मामा पांढरेफटक पडले. तरी बोलले, "मी शपथ घेतलीय ती साक्ष ऐकून बोलायची. हिला तळ्यावर कुणी पाहिलं?"

कुणी पाहिलं नव्हतं.

"रक्त पाहिलंस ना, अझराया?" टकांनी विचारलं.

"पाहिलं. मरेपर्यंत विसरणार नाही. पण ते काय म्हणालं, ते मला कळलं नाही. तुम्हालाही नाही."

आम्हाला बाहेर काढून दारं लावली. बाराही जणांचं एकमत हवं होतं. फटीतून टकांच्या धमक्या ऐकू यायच्या आणि मध्येच मामांचं "नाही". आत ओबेडचा उजवा डोळा आपोआप उघडत होता, असं मामांनी नंतर मामीला सांगितलं. टक तो मिटायचे, तो पुन्हा उघडायचा आणि मामांकडेच बघायचा. अंधारून यायला लागलं तसे बाकीचे थकले. 'बुडून मृत्यू, कारण अज्ञात' असा निर्णय झाला. टॅम्सिन घरी गेली.

त्यानंतर मामांची गिऱ्हाइकं आटली. ओकच्या लाकडाच्या नव्या बादलीत पाणी तांबूस होतंच, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण त्या वर्षी लोक म्हणाले, रक्त आहे. धुकं पडलं की मामा हातोडी थांबवून कान द्यायचे. "कुणीतरी ओल्या बुटांनी चालतंय," म्हणायचे. मी हसायचे. एकदा मलाही ऐकू आलं, तेव्हापासून हसणं बंद केलं.

वसंतात टॅम्सिन बादली घ्यायला आली.

"तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत," ती म्हणाली.

"विचारायचं ते त्या दिवशी, सगळ्यांसमोर. आता एकट्याने विचारणारा मी कोण?"

"आणि मीच सांगितलं तर?"

मामांनी हातोडी खाली ठेवली.

"मग न्यायाधीशाला जाऊन सांग, बाई. मला नको."

ती हसली की रडली, मला कळलं नाही. उन्हाळ्यात तिचं घर रिकामं सापडलं. चूल झाडून ठेवलेली, दार सताड उघडं. ती कुठे गेली, कुणालाच कळलं नाही.

एकदा धीर करून मी विचारलं, "मामा, तिनेच मारलं असेल का हो?"

"असेलही. म्हणून तर झोप लागत नाही मला."

"मग चूक झाली?"

"ते नाही म्हटलं मी."

त्याच वर्षीच्या शरदात जिल्ह्याच्या न्यायालयातून पंच म्हणून पुन्हा बोलावणं आलं. या वेळी मामीने स्वतःच कोट झटकून दिला. मामांनी मक्याची भाकरी खिशात टाकली आणि तळ्याची वाट टाळून, लांबच्या रस्त्याने ते निघाले.