अंगठ्याऐवजी सही

आठवी संपताना शाळेने विषय निवडायचा छापील कागद हातात दिला. एका बाजूला बीजगणित, भूमिती, पदार्थविज्ञान आणि रसायन. दुसऱ्या बाजूला साधं अंकगणित, शरीरशास्त्र आणि आरोग्यशास्त्र. तेव्हा पिंपरीच्या माळावर इंजेक्शनच्या औषधाचा कारखाना उभा राहत होता, आणि त्याच्या प्रयोगशाळेत पांढरा कोट घालून हिंडायचं हे मी पक्कं केलं होतं. मग अक्कल चालवली. औषध टोचतात कुठे? शरीरात. म्हणजे शरीरशास्त्र. केली खूण.

खाली पालकाची सही हवी होती. आमचे आबा मोशीचे शेतकरी, अंगठा उठवणारे. हायस्कूलच्या कागदावर तो निळा ठसा नको, म्हणून त्यांची सही मीच ठोकली. तीही अशी लफ्फेदार, की मामलेदाराला हेवा वाटावा. वर्गशिक्षकांनी ती पाहिली, गालात हसले आणि कागद गठ्ठ्यात सरकवला.

अकरावी पास होऊन पुण्याच्या कॉलेजात गेलो. खिडकीतल्या कारकुनाने मान वर न करताच सांगितलं, की रसायन नाही, बीजगणित नाही, तेव्हा सायन्स नाही. आर्ट्सची रांग पलीकडे.

चिंचवड स्टेशनवर उतरलो तो तडक त्या वर्गशिक्षक सरांच्या घरी. कारखान्याचं वेड तुम्हाला ठाऊक होतं, मग अडवलं का नाही, असं विचारलं.

"तुला झेपलं नसतं रे," सुपारी कातरत सर म्हणाले. "आणि वडिलांची सही होती की."

"आबा अंगठा लावतात, सर."

"माहीत आहे. फीमाफीच्या अर्जावर अंगठाच होता."

तीन वर्षं या माणसाने माझ्याकडून माश्यांमुळे होणारे रोग घोकून घेतले, चाचणीत मला पहिला आणला, आणि माझी चोरी माहीत असून जिभेवर सुपारी ठेवून गप्प बसला. ज्याला झेपत नाही तो पहिला कसा येतो, हे विचारायचं मला पायऱ्या उतरल्यावर सुचलं. आज मी त्यांच्याहून म्हातारा आहे. राग तेवढाच तरुण आहे.

घरी सगळं कबूल केलं. आबा बैलांना पाणी दाखवत होते.

"अंगठा मागितला असतास, तर ह्ये काय हाय म्हून इचारलं असतं," एवढंच म्हणाले. "मास्तरलाबी इचारलं असतं."

दुसऱ्या दिवशी आर्ट्सच्या अर्जावर त्यांचा अंगठा घेतला. शाईत बोट बुडवण्याआधी त्यांनी तो अर्ज मला ओळ न् ओळ वाचून दाखवायला लावला. रसायन कुठंच नव्हतं.