अपूर्णांकांचा भागाकार आणि एक हाक

शाळा बंद होत्या त्या दिवसांत मी सोलापुरात सात रस्त्याजवळच्या आमच्या घरात गणिताचे पाठ रेकॉर्ड केले आणि इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुले टाकले. खाली लिहिलं, 'कुणीही घ्या, वापरा, बदला. विचारायची गरज नाही.' लिहिताना मोकळं वाटलं होतं. आपण नक्की काय देऊन टाकलंय, ते मात्र दोन वर्षांनी कळलं.

आम्हा शिक्षकांच्या महिन्याच्या बैठकीत केम गावाजवळच्या एका शाळेचे गुरुजी भेटले. सातवीपर्यंतचे वर्ग आणि शिक्षक दोघंच.

"सहावीला गणित तुम्हीच शिकवताय, बाई," ते म्हणाले. "मी टीव्ही लावतो आणि धाकट्यांकडं जातो. एकदा या की. पोरं लई खूश होतील."

एका शनिवारी सकाळच्या गाडीनं गेले. पोरं खूश वगैरे काही झाली नाहीत. माझ्याकडे बघत, मग भिंतीवरच्या बंद टीव्हीकडे बघत, पुन्हा माझ्याकडे. पुढच्या रांगेतली एक मुलगी शेजारणीला म्हणाली, "ह्या न्हाईत. त्या बारीक हायत."

मी हसले आणि अपूर्णांकांचा भागाकार घेतला. पहिल्याच उदाहरणाला मी "बरं का" म्हणायच्या आधीच वर्गातून "बरं का" आलं, माझ्याच हेलात. मी खाकरले, तर दोन-तीन जण माझ्यासारखेच खाकरले. चेष्टा नव्हती. पाढे म्हणताना असतात तसे गंभीर चेहरे.

"आता भागाकाराचा गुणाकार करायचा," मी म्हणाले, "आणि दुसरा अपूर्णांक उलटा..."

सगळ्या वर्गाच्या माना एकदम दाराकडे वळल्या आणि एका सुरात आवाज आला, "आले गं!"

मीही दाराकडे बघितलं. दारात कुणी नव्हतं. बाहेर अंगणात ऊन, पाण्याची टाकी. माना पुन्हा फळ्याकडे आल्या आणि पोरं पुढच्या पायरीची वाट बघत बसली.

"हे काय म्हणालात?" मी विचारलं.

"तसंच करायचं अस्तंय," ती मघाची मुलगी म्हणाली. "दुसरा उलटा करायचा, मग आले गं म्हणायचं, मग छेद मांडायचा."

गुरुजींनी टीव्ही लावला. पडद्यावर मी. त्या पायरीला माझा खडू थांबतो, मी मान वळवते, "आले गं" म्हणते, क्षणभर थांबते आणि पुढे लिहायला लागते. मला यातलं काही आठवत नव्हतं.

हाक मात्र ऐकू आली नाही. नुसता पंख्याचा आवाज.

"मला कुणी हाक मारलेली ऐकू येत नाही," मी म्हणाले.

"आमाला येतीय की," मुलगी म्हणाली. "नाव न्हाई घेत. नुसतं 'अगं' म्हणत्यात."

आई शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती. दिवसातून वीसदा आतून "अगं" यायचं, आणि हातातलं काम न सोडता मी "आले गं" म्हणायचे. पण पडद्यावर माझ्यामागे पाठांसाठी आणलेला हिरवा फळा होता, आणि फळा उभा होता तिथं आईची खाट असायची. खाट ती गेल्यानंतर तीन आठवड्यांनी हलवली होती. म्हणजे पाठ झाला तेव्हा आईला जाऊन किमान तीन आठवडे झाले होते. घरात मी एकटी होते.

घरी येऊन कानाला हेडफोन लावून ती जागा कितीदा ऐकली. पंखा. पंखा. मग माझा आवाज. सवयीनं ओ दिली असणार, असं स्वतःला समजावलं, तेवढा तुकडा कापला आणि पाठ पुन्हा टाकला.

काही महिन्यांनी अक्कलकोटकडच्या एका कन्नड शाळेतल्या शिक्षिकेनं व्हिडिओ पाठवला. माझा पाठ तिनं स्वतः उभं राहून कन्नडमध्ये केला होता. किती आनंदानं बघत होते मी! दुसरा अपूर्णांक उलटा करायची पायरी आली. तिचा खडू थांबला. तिनं मान वळवली आणि म्हणाली, "बंदे, बंदे." आले, आले.

मी लगेच फोन केला.

"जुना पाठ मी आधीच उतरवून घेतला होता," ती संकोचानं म्हणाली. "तुमचं बघून बघूनच बसवलं. तिथं का वळायचं ते कळलं नाही. दोनदा गाळून बघितलं, पण वळल्याशिवाय पुढची पायरीच आठवेना, बाई." मग तिनं विचारलं, "तुमच्या घरात कोण होतं तेव्हा?"

"कुणी नव्हतं."

"आमच्याकडंही नव्हतं," ती म्हणाली.

दशांश अपूर्णांकांचे पाठ आम्ही मिळून करायचे ठरवले. महिन्यातून दोन रविवार ती सोलापूरला येते. एकीनं शिकवायचं, दुसरीनं कॅमेऱ्यामागे बसायचं. शिकवणारीची मान मधेच वळली तर मागचीनं विचारायचं, "काय गं?"